फ्रीजरमध्ये बर्फाचे थर, तरी खाली दूध का नासतं?

प्रश्न : आमचा फ्रिज एका दाराचा आहे. पावसाळा लागला की वरच्या कप्प्यात बर्फाचे थरच्या थर चढतात. मासळीचा डबा आत शिरत नाही, आणि शिरलाच तर चिकटून बसतो. एवढा बर्फ असूनही खाली ठेवलेलं दूध दुसऱ्या दिवशी नासतं. सासूबाई म्हणतात, बर्फ राहू दे, त्यानंच गारवा टिकतो. मी तो सुरीनं खरवडून काढायच्या विचारात आहे. काय करावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सुरी आधी ओट्यावर ठेवा, बाकीचं मग बोलू. एका दाराच्या बहुतेक फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याची भिंत हेच गारवा देणारं यंत्र असतं. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे एकमेकांवर दाबून जोडलेले असतात आणि त्यांच्यामध्ये गॅस खेळायला वाटा ठेवलेल्या असतात. बर्फ नसताना त्या पत्र्यावरून बोट फिरवा, फुगीर रेषा हाताला लागतील. सुरीचं टोक नेमकं त्यातल्या एका रेषेवर बसलं, की गॅस निघून जातो आणि फ्रिज बंद पडतो. मग भोक बुजवणं, गॅस भरणं किंवा सगळा कप्पाच बदलणं, असा मोठा खर्च समोर येतो. आपल्या फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरजवळच्या पट्टीवर ‘आर ६०० ए’ लिहिलं असेल, तर तो गॅस म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेतो. खरवडताना कधी ‘फुस्स’ असा आवाज आलाच, तर खिडक्या-दारं उघडा, शेगडी पेटवू नका, कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि मेकॅनिकला बोलवा.

आता हा बर्फ येतो कुठून? आपल्याच स्वयंपाकघरातल्या हवेतून. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. उणे १८ अंशांना तेवढीच हवा जेमतेम एक ग्रॅम धरू शकते. उरलेलं पाणी कुठे तरी बसणारच, आणि सगळ्यात थंड जागा म्हणजे तो पत्रा. दार उघडलं की आतली जड, गार हवा खालून पायांवर सांडते आणि तिच्या जागी बाहेरची दमट हवा वरून आत शिरते, म्हणजे नेमकी बर्फाच्या कप्प्याशेजारी. १९० लिटरच्या फ्रिजमधली निम्मी हवा दर वेळी बदलली असं समजा. दिवसात तीसदा दार उघडलं, तर पन्नास-साठ ग्रॅम पाणी आत जातं. शिवाय झाकण न ठेवलेली आमटी, कोमट असतानाच आत सरकवलेला भात, धुऊन न निथळलेली कोथिंबीर यांची वाफ वेगळीच. यातलं सगळं गोठत नाही, काही थेंबांच्या रूपानं खाली उतरतं. पण जे गोठतं ते साचत जातं.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. वीज गेली की हा बर्फ काही तास गारवा धरून ठेवतो. पण वीज असताना तोच आड येतो. ॲल्युमिनियम उष्णता जितक्या सहज वाहून नेतं, त्याच्या शंभराव्या हिश्शानंच बर्फ ती नेतो. भुसभुशीत हिमाचा थर तर त्याहून मंद, कारण त्याच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते. एका दाराच्या फ्रिजमध्ये खालच्या फळ्यांना गारवा मिळतो तो वरच्या कप्प्याजवळ गार होऊन खाली उतरणाऱ्या हवेतून. मधे बोटभर जाडीची दुलई आली, की कॉम्प्रेसर राबत राहतो, वीज जळते आणि दुधापर्यंत गारवा पोचत नाही. वीज जाण्याची काळजी असेल, तर पाण्याच्या दोन बाटल्या पाऊण भरून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवा. त्या हेच काम करतील आणि पत्रा मोकळा राहील.

इथे पुष्कळ घरांत एक गोष्ट होते. दूध नासलं की चकती फिरवून सात आकड्यावर नेली जाते. त्यामुळे पत्रा आणखी थंड होतो, बर्फ आणखी वेगानं चढतो आणि खालची तक्रार जागच्या जागी राहते. त्याऐवजी बर्फ पाच-सहा मिलिमीटर झाला की तो काढा. फळीवर थर्मामीटर ठेवून पाहिलंत तर खाली चार अंशांच्या आसपास तापमान हवं.

काढण्याचं काम सोपं आहे, घाई मात्र नको. चकतीच्या मधोमध जे बटण असतं, ते दाबलं की कॉम्प्रेसर थांबतो. बर्फ वितळून कप्पा ठरावीक तापमानाला आला की बटण आपोआप बाहेर येतं आणि फ्रिज पुन्हा चालू होतो. थर पातळ असेल तर रात्री एवढंच पुरे. आपल्याकडे थरच्या थर आहेत, तेव्हा प्लग काढून दार सताड उघडा, कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं जाड फडक्यावर ठेवा आणि समोर टेबलफॅन लावा. बर्फाचे तुकडे स्वतःहून सुटू लागले की हातानं उचला, चिकटलेला तुकडा ओढू नका. मीठ टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मीठ ॲल्युमिनियम खातं. हेअर ड्रायरही नको, ओल्या हातात विजेची वस्तू धरणं जिवावर बेतू शकतं. खालचा ट्रे अधूनमधून रिकामा करा. मागे पाणी जाण्याचं भोक असेल तर तेही पाहा, कोथिंबिरीच्या एका काडीनं ते तुंबतं आणि मग भाजीच्या ट्रेखाली तळं साचतं.

शेवटी दाराचं रबर तपासा, कारण माझ्या मते खरी चोरवाट बहुधा तिथेच असते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती अडली पाहिजे. चारही बाजूंनी हे करा, खालचा कोपरा आणि बिजागरीची बाजू विसरू नका. पट्टी सुळकन निघून आली तर आधी रबराच्या घड्या कोमट साबणाच्या पाण्यानं जुन्या टूथब्रशनं घासा. काळी बुरशी आणि चिकटपणा यांनीच रबर नीट बसत नाही. एवढं करूनही फट राहिली, तर रबर बदलून घ्या.

कप्प्यातला बर्फ वितळेपर्यंत मासळी बर्फ भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. तिच्यात अजून बर्फाचे कण असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही, चव थोडी उतरेल इतकंच. पूर्ण सुटून बाहेरच्या हवेत तासन्‌तास राहिली असेल, तर ती टाकून द्या. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, ते थंडीत नुसते थांबलेले असतात.

फ्रॉस्ट फ्री फ्रिज घ्यावा का, असं पुढे मनात येईल. त्यात गार नळ्या मागच्या पडद्याआड असतात, पंखा हवा फिरवतो आणि एक छोटा हीटर ठरावीक वेळानं त्या नळ्यांवरचा बर्फ वितळवतो. मेहनत वाचते. पण ती सतत फिरणारी कोरडी हवा उघड्या पदार्थातलं पाणीही ओढते. झाकण नसलेला खवलेला नारळ किंवा सुरमईचा तुकडा कडेनं पांढरट आणि कोरडा पडतो. आणि अशा फ्रिजच्या मागच्या भिंतीवर बर्फ दिसू लागला, तर ते दमट हवेवर न ढकलता दार नीट लागतंय का ते पाहा. लागत असेल तर हीटर किंवा त्याचा सेन्सर तपासायला मेकॅनिकला बोलवा.