मुरूडहून श्रीवर्धन 'एक तास' म्हणणाऱ्यांपासून सावध

नणंदेच्या मुलीचा साखरपुडा श्रीवर्धनला होता. आदल्या दिवशी मुरूड पाहून संध्याकाळी पुढे जायचं ठरलं. गाडीच्या एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर वेळापत्रक धाडलं, त्यात 'मुरूड ते श्रीवर्धन, 1 तास'. मी तिथल्या तिथे फोन लावला. "मधल्या खाडीचं काय? जेट्टीची शेवटची फेरी कधी, विचारलंत का?" उत्तर आलं, "मॅडम, ते माझ्यावर सोडा. नकाशावर 30 किलोमीटर दाखवतंय."

ते 30 किलोमीटर सरळ रेषेतले. मध्ये राजपुरीची खाडी आहे, जंजिऱ्यापासून म्हसळ्याच्या अंगाला आत शिरलेली. आगरदांड्याला गाड्या नेणारी जंगलजेट्टी मिळाली तर पलीकडे दिघी, बोर्ली, दिवेआगर करत श्रीवर्धन. हुकली तर तळा, इंदापूर, माणगाव, म्हसळा असा वळसा, शंभर किलोमीटरच्या घरातला. सरळ रेषेची ही फसवणूक जगात सगळीकडे तीच: ब्यूनोस आयर्सहून सँतियागोला विमान जेमतेम 1,140 किलोमीटर उडतं, दोन-सव्वादोन तासांत पोचवतं. रस्त्याने तेच 1,400च्या आसपास, वर अँडीजचा घाट, हिवाळ्यात बर्फाने बंदही पडणारा. नकाशावरची रेघ विमानाला चालते, टेम्पो ट्रॅव्हलरला नाही.

आगरदांड्याला पोचलो तेव्हा तिकीट खिडकी बंद झालेली. धक्क्याच्या उताराशी साखळी लावलेली आणि पलीकडे दिघी बंदराचे दिवे लागलेले. ड्रायव्हर पुण्याचा, बिचाऱ्याला खाडी आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाई 78 वर्षांच्या, मागच्या सीटवर पाय अवघडून बसलेल्या. एजंटला फोन केला तर म्हणतो, "तुम्हीच उशिरा निघालात." त्याच्याच वेळापत्रकात मुरूडहून निघायची वेळ छापलेली होती, आणि आम्ही त्याच्या दहा मिनिटं आधी निघालो होतो! तो मेसेज त्याला परत पाठवला. त्यानंतर फोन बंद. तळ्याच्या अंधाऱ्या रस्त्याने गेलो आणि श्रीवर्धनला पोचलो तेव्हा यजमान जेवून झोपले होते.

रायगडच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्यांनी किलोमीटर विचारूच नयेत, वाटेत खाडी किती आणि पूल कुठे नाही, ते विचारावं. साळावला पूल आहे, आगरदांड्याला नाही. रेवस-रेड्डी सागरी मार्गात तो आखलेला आहे, पण ही योजना मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय. शेवटच्या फेरीची वेळ त्याच दिवशी सकाळी, जिथे उतरणार त्या घरच्यांकडून घ्या, एजंटकडून नव्हे. गाडी लांब असेल तर ओहोटीला ती चढेल का, हेही विचारा. उतारावर मागचा भाग घासतो. 'मुंबई-अलिबाग एक तास' ही जाहिरातही तशीच. तो तास गेटवे ते मांडव्याचा, पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर, आणि पावसाळ्यात गेटवेच्या लाँचेस बंदच असतात. पाणी, बिस्किटं, म्हाताऱ्या माणसांची औषधं हाताशी ठेवा. आणि वळशाचे किलोमीटर कोणाच्या खात्यावर, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्या.

कारण दुसऱ्या आठवड्यात त्याच एजंटने मला जादा किलोमीटरचं बिल पाठवलं. ते मी भरलेलं नाही आणि भरणारही नाही.