एक कनेक्शन, नऊ जोडण्या: इमारतीच्या सामायिक नेटला राउटर कसा जोडायचा आणि पैसे कशाचे घ्यायचे

या व्हिडिओचा विषय जरा तांत्रिक आहे, म्हणून सगळं इथे लिहून देतोय. काम करताना मोबाईलवर हे पान उघडं ठेवा.

इमारतीत घरमालकाने एकच फायबर कनेक्शन घेतलंय. वर सात खोल्या, खाली दोन गाळे. प्रत्येकाला आपलं कॉम्प्युटर नाहीतर आपला राउटर त्याच नेटला जोडायचाय. लाखांदूर, साकोली, भंडारा, जिथे भाड्याच्या खोल्या आहेत तिथे हे काम निघतं. दिघोरीत दुकान ठेवूनही हे करता येतं, कारण लागणारं भांडवल थोडं आहे: क्रिम्पिंगचं पकड, केबल टेस्टर, ड्रिल आणि डोकं.

१. आधी मोजमाप, मग भाव

मधल्या मजल्यावर स्विच बसवा. तिथून प्रत्येक खोलीला स्वतंत्र वायर न्या. समजा सरासरी २० मीटर लागते. ९ × २० = १८० मीटर, वळणं आणि वाया जाणारी धरून २०० मीटर. पूर्ण बॉक्स ३०५ मीटरचा येतो, म्हणजे एका बॉक्समध्ये काम होऊन वायर उरते. उरलेली कुणाची, हे आधीच बोलून घ्या.

स्विच किती पोर्टचा? नऊ जोडण्या आणि एक मुख्य राउटरची, झाले दहा. आठ पोर्टचा पुरत नाही, सोळाचा घ्या.

वायर कॅट-६ किंवा निदान कॅट-५ई, आणि शुद्ध तांब्याची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त पडते, पण वाकवताना तुटते आणि लांब अंतरावर त्रास देते. एका वायरची मर्यादा १०० मीटर. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्रत्येक टोकाला खोलीचा नंबर चिकटवा. सहा महिन्यांनी तुम्हालाच उपयोगी पडेल.

शेजारच्या इमारतीत नेट न्यायचं असेल तर बाहेरून तांब्याची वायर ओढू नका. आपल्याकडे पावसाळ्यात विजा कशा पडतात ते माहीतच आहे. जवळपास वीज पडली तरी अशा वायरीतून झटका येऊन दोन्हीकडची उपकरणं जाऊ शकतात. तिथे फायबरच टाका.

२. वायर कोणत्या भोकात?

अख्ख्या इमारतीचं नेट बसतं ते बहुतेक इथेच. राउटरच्या मागे एक पोर्ट वेगळ्या रंगाचं असतं, त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं. बाकीची लॅन पोर्ट. भिंतीतून आलेली वायर वॅनमध्येच जाते.

ती चुकून लॅनमध्ये घातली तर काय होतं? राउटर आपल्या डीएचसीपीने, म्हणजे पत्ते वाटण्याच्या सोयीने, इमारतीतल्या सगळ्यांनाच पत्ते वाटू लागतो. एका गावात दोन तलाठी बसून दोघंही आपापला सातबारा वाटू लागले तर जो गोंधळ होईल, तोच इथे होतो. कुणाचं नेट चालतं, कुणाचं बंद, आणि दोष सगळे कंपनीला देतात.

नुसती वाय-फायची रेंज वाढवायची असेल तर राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तो मोड नसेल तर आधी डीएचसीपी बंद करा, राउटरचा पत्ता बदला, मगच लॅनमध्ये वायर लावा.

३. पत्त्यांची टक्कर

मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि खोलीतल्याचाही पत्ता तोच, तर वायर बरोबर असूनही नेट चालणार नाही. खोलीतल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ करा. वाय-फायसाठी २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच चॅनेल आलटून-पालटून द्या, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

४. शेजाऱ्यापासून आडोसा

गाळ्यातलं बिलिंगचं कॉम्प्युटर थेट स्विचला जोडलं तर ते त्याच जाळ्यातल्या सगळ्यांना दिसू शकतं. शेअर केलेलं फोल्डर आणि प्रिंटरसुद्धा. त्यात ग्राहकांचे आधार, बँकेचे कागद असतात. म्हणून दुकानाचं कॉम्प्युटर नेहमी स्वतःच्या राउटरमागे ठेवा, विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' निवडा आणि राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. स्विचमध्ये पोर्ट आयसोलेशन असेल तर चालू करा.

५. नेट बंद? या क्रमाने बघा

फायबरच्या डब्यावर लॉस नावाचा लाल दिवा लागलाय का? मग दोष बाहेर आहे, कंपनीला फोन करा. दिवा ठीक आहे, पण कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आलाय? मग त्याला पत्ता मिळालेलाच नाही. वायर, स्विच, डीएचसीपी तपासा. पत्ता बरोबर आहे, तरी पान उघडत नाही? मग ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर आलं तर डीएनएस बदला.

६. नेट विकायचं नाही

हे नीट वाचा. घरगुती कनेक्शन पुढे विकायला कंपनीच्या करारात बहुतेक वेळा मनाई असते. "दर खोलीकडून महिन्याला पैसे घेऊ" हा हिशोब करण्याआधी करार वाचा.

सरळ रस्ता आहे तो पीएम-वाणीचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० ला ही योजना मंजूर केली. यात दुकानदार पीडीओ, म्हणजे सार्वजनिक वाय-फाय केंद्र, होऊ शकतो. त्याला परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. नोंदणीकृत पीडीओएशी जोडून घ्यावं लागतं, ग्राहकाची ओळख आणि हिशोब तिकडून सांभाळला जातो. जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवलं की २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती प्लॅन पीडीओला देताना कंपनीने घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. म्हणजे खर्चाची वरची सीमा तुम्हाला आधीच काढता येते.

गाळ्यात लोकांना कॉम्प्युटर वापरायला देणार असाल तर सायबर कॅफेचे २०११ चे नियम लागू होतात: ओळखपत्र बघायचं आणि नोंदी किमान १ वर्ष ठेवायच्या.

७. मग कमाई कशात?

जोडणीत आणि देखभालीत. सामान, मजुरी आणि वार्षिक देखभाल असे तीन आकडे वेगळे लिहा. कागदावर चार ओळी हव्यातच: मुख्य राउटरचा पासवर्ड कुणाकडे, बंद पडल्यास किती तासांत येणार, स्विच जळाला तर खर्च कुणाचा, नवीन भाडेकरू जोडायचे किती. घरमालक काका ओळखीचे असले तरी सही घ्या. ओळखीतच पैसे अडकतात.

गृहपाठ: ओळखीची एक इमारत निवडा. वायरीचा नकाशा काढा, मीटर मोजा, पोर्ट मोजा आणि तीन आकड्यांचं कोटेशन तयार करा. पुढच्या व्हिडिओत हेच कोटेशन घरमालकासमोर कसं मांडायचं ते बघू.