लहान मुलांचे कान वारंवार का फुटतात?

दोन वर्षांचे मूल सर्दीने बेजार आहे. रात्री दोनच्या सुमारास ते किंचाळून उठते, कानाकडे हात नेते आणि काही केल्या गप्प राहत नाही. सकाळी उशीवर पिवळसर डाग दिसतो. कान फुटलेला असतो. मग घरात चौकशी सुरू होते. न्हाऊ घालताना कानात पाणी गेले असेल, टोपरे बांधले नसेल, कोणी दही चारले असेल! या चौकशीचा निकाल बहुधा एकच लागतो, तो म्हणजे आईचे लक्ष नाही. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तोच प्रकार झाला की मूलही 'नाजूक प्रकृतीचे' ठरते. या दोन्ही निकालांत तथ्य किती, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

दुखणे येते कोठून?

कानाच्या पडद्याच्या आत हवेने भरलेली एक लहानशी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. ही पोकळी नाकामागच्या घशाशी एका बारीक नळीने जोडलेली असते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाची याच्या नावावरून ही नळी ओळखली जाते. मोठ्या माणसात ती सुमारे ४५ अंशांनी उतरती असते. तान्ह्या मुलात तिची लांबी जवळजवळ निम्मी असते आणि उतार अवघा १० अंशांचा असतो. त्यामुळे नाकातले जंतू मध्यकर्णात सहज पोचतात आणि तेथे साचलेला द्रव मात्र सहज उतरत नाही. सर्दीने नळीचे तोंड सुजले म्हणजे वाट बंदच होते, आत पू होतो, पडद्यावर ताण पडून ठणका लागतो, आणि कधी पडदा फाटून पू बाहेर येतो.

म्हणजे दुखणे बाहेरून कानात शिरत नाही, ते नाकाच्या बाजूने येते. पडदा धड असेल तर न्हाणीचे पाणी मध्यकर्णात जाऊच शकत नाही. आईवरचा पहिला आरोप येथेच निकालात निघतो.

ज्या जंतूंमुळे हे घडते त्यांत न्युमोकोकस, हीमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोराक्झेला हे तीन प्रमुख होत. मौज अशी की, हे जंतू पुष्कळ निरोगी मुलांच्या नाकातही निमूटपणे राहत असतात. मग एकाच घरातील दोन भावंडांपैकी एकाचा कान वर्षातून चारदा फुटावा आणि दुसऱ्याचा एकदाही फुटू नये, हे कसे? नळीची ठेवण हे याचे एक कारण खरे. पण दुसरे कारण रक्तात आहे.

आईची शिदोरी

जंतूंशी झुंजण्यासाठी शरीर जी द्रव्ये तयार करते त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. मूल गर्भात असतानाच आईच्या रक्तातील प्रतिपिंडे त्याला मिळतात. ही जणू आईने बांधून दिलेली शिदोरीच असते. अंगावरच्या दुधातूनही तिच्यात भर पडते. परंतु रक्तातली ही शिदोरी सहा महिन्यांच्या सुमारास बहुतांशी सरते आणि मुलाला स्वतःची प्रतिपिंडे स्वतः बनवावी लागतात. नेमक्या याच वयापासून दोन वर्षांपर्यंत कान सर्वांत अधिक फुटतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्यात आणखी एक अडचण असते. न्युमोकोकसच्या अंगावर शर्करेचे एक कवच असते, आणि दोन वर्षांच्या आतील मुलाच्या शरीराला अशा शर्करेविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे बनवता येत नाहीत. शिवाय या जंतूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. एकाशी झालेली ओळख दुसऱ्याच्या वेळी फारशी उपयोगी पडत नाही.

दुर्बल की उशिरा शिकणारे?

१९५२ साली अमेरिकन लष्करातील डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. न्युमोकोकसच्या गंभीर दुखण्याने तो पुनःपुन्हा आजारी पडे. त्याचे रक्त तपासता ज्या प्रथिनांत प्रतिपिंडे असतात ती त्यात मुळीच आढळली नाहीत. बाहेरून ती टोचून दिल्यावर मुलाची दुखणी थांबली. शरीराची संरक्षक शक्ती जन्मतःच उणी असू शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

तथापि, कान वारंवार फुटणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांत असा दोष निघतो. मग बाकीच्यांचे काय? अमेरिकेतील रॉचेस्टर येथे डॉ. मायकेल पिचिचेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून शेकडो मुलांचा सहा महिन्यांच्या वयापासून पाठपुरावा केला. कान दुखला की पडद्यातून सुईने द्रव काढून कोणता जंतू आहे ते पाहिले आणि रक्तही तपासले. ज्यांचे कान पुनःपुन्हा बिघडत होते, त्यांच्या रक्तात त्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे इतरांपेक्षा कमी निघाली. एकदा भेटलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्याही कमी आढळल्या. यांपैकी काही मुलांत नेहमीच्या लसींनाही क्षीण प्रतिसाद मिळत होता. वय वाढले तरी त्यांची प्रतिकारशक्ती नवजात बालकासारखीच राहिली होती, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

याचा अर्थ असा की, बहुसंख्य मुलांत प्रतिकारशक्ती नसते असे नाही. तिला धडा लक्षात ठेवायला वेळ लागतो, इतकेच. पुढे ती शिकते. नळीही वाढते आणि सातव्या वर्षाच्या सुमारास मोठ्या माणसासारखी होते. म्हणूनच बहुतेक मुले शाळेच्या वयात या दुखण्यातून मोकळी होतात.

तोवर काय जपावे?

तर मग स्वस्थ बसून वाट पाहावी काय? तसे मुळीच नाही, कारण मधल्या काळात एक गोष्ट हातची जाऊ शकते, ती म्हणजे श्रवण. कानाचे दुखणे थांबले तरी आतला द्रव लगेच जात नाही. एक महिन्यानंतरही दहांपैकी सुमारे चार मुलांत तो असतो आणि तीन महिन्यांनंतर एखाद्यात. तेवढे दिवस मुलाला कानात बोळा घातल्यासारखे ऐकू येते. हीच बोलणे शिकण्याची वेळ! हाक मारल्यावर 'ओ' न देणारे मूल हट्टी किंवा मंद ठरवण्यापूर्वी त्याला ऐकू येते की नाही, हे आधी पाहावे.

प्रतिबंधाच्या गोष्टी साध्या आहेत. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे. बाटली द्यावीच लागली तर मुलाला आडवे निजवून देऊ नये. घरात विडी-सिगारेट ओढू नये आणि चुलीच्या धुरात मुलाला बसवू नये. न्युमोकोकसच्या लसीत जंतूची शर्करा प्रथिनाला जोडलेली असते. म्हणून दोन वर्षांखालील शरीरही तिचा धडा घेऊ शकते. आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ पासून देशभर दिली जाऊ लागली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, अशा तिच्या वेळा आहेत. पुण्यात तयार झालेली अशी लसही आता उपलब्ध आहे. ती सर्व जंतूंवर चालत नाही, तरी तिचा लाभ निश्चित आहे.

कानात कोमट तेल, लसणीचा रस, काडी यांपैकी काहीही घालू नये. डॉक्टरांनी जंतुनाशक औषध दिले तर ठणका थांबला म्हणून ते मध्येच सोडू नये. आणि जुनी उरलेली बाटली काढून आपल्याच मनाने पाजू नये. सहा महिन्यांखालील मुलाला ताप आला किंवा कानामागे सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा कान बिघडला तर कानाच्या तज्ज्ञाला दाखवून श्रवणाची तपासणी करून घ्यावी. त्यासोबत पुन्हा पुन्हा न्युमोनिया, खोल गळवे किंवा वजन न वाढणे असे काही असेल, अथवा घराण्यात असा दोष पूर्वी आढळला असेल, तर रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करण्याविषयी विचारावे. ब्रुटन यांच्या त्या मुलासारखे एखादे मूल अशा तपासणीतूनच वेळीच सापडते.

आमची वाचक कुटुंबांना एवढीच विनंती आहे की, ज्या घरात असे मूल असेल तेथे आईला बोल लावण्यात वेळ घालवू नये. औषधाच्या वेळा, लसीची तारीख आणि श्रवणाची तपासणी ही तीन कामे घरातील मोठ्या माणसांनी आपसांत वाटून घ्यावीत. रात्रीचे जागरण तिने एकटीने पुष्कळ केलेले असते.