भीड भिकेची बहीण

दारावर विम्याचा एजंट येतो. गोड बोलतो. “मावशी, आजच सही करा. उद्या ही संधी नाही.” दोन तास तो उठत नाही. शेवटी भिडेपोटी मावशी सही करते. हा हप्ता दरवर्षी भरायचा, हे तिला मागून कळते.

अशा वेळी आपण मावशीवर रागावू नये. रागावलो, तर पुढच्या खेपेला ती आपल्याला काही सांगणारच नाही. तिच्याजवळ बसून कागद वाचून दाखवावा.

कायदा आपल्या बाजूला आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मात्र ती एक वर्षाहून कमी मुदतीची नसावी.

अर्ज मावशीच्या नावाने लिहू. ‘पॉलिसीच्या अटी मला मान्य नाहीत. पॉलिसी रद्द करून पैसे परत द्यावेत.’ खाली पॉलिसीचा क्रमांक, ती मिळाल्याची तारीख आणि मावशीची सही. अर्ज कंपनीच्या कचेरीत देऊ आणि शिक्का मारलेली पोच घेऊ.

एजंट म्हणेल, “थोडं थांबा, मी बघतो.” थांबू नये. दिवस त्याचे जात नाहीत, आपले जातात.

मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि झालेल्या दिवसांचा विमाखर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. कंपनीने ऐकले नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करावी. तिथे फी नाही. वकीलही लागत नाही.

सही करताना भीड पडली, तरी सही मागे घेताना भीड कशाला?