देणगीची पावती : कागदी ठेवावी की मोबाईलवर?

प्रश्न : नेरुळमध्ये आमचा एक लहानसा नोंदणीकृत ट्रस्ट आहे. देणग्या जमवून आम्ही गरजू मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि फीचा खर्च भागवतो. नव्या कार्यकारिणीला पावतीपुस्तक बंद करून सगळा कारभार मोबाईल-संगणकावर न्यायचा आहे. ज्येष्ठ विश्वस्त म्हणतात, सही-शिक्क्याच्या कागदाशिवाय देणगीला कायद्यात किंमत नाही. तरुण मंडळी म्हणतात, यूपीआयचा स्क्रीनशॉट हीच पावती. कोणाचं बरोबर?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : दोघांचंही पूर्ण बरोबर नाही. तुमच्या वादात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. नोंद कशावर करायची, हा एक आणि कोणती नोंद पुरावा म्हणून टिकते, हा दुसरा. ते वेगळे केले की वाद सुटतो.

पहिला प्रश्न सोपा आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीला आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० पासून मान्यता आहे. धर्मादाय संस्थांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर नियमांत १७ एए हा नियम आला. त्यात हिशेबाची पुस्तकं हाताने लिहिलेली, इलेक्ट्रॉनिक, डिजिटल किंवा संगणकातून छापून काढलेली, कशीही चालतात असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे कागदच हवा, हा आग्रह कायद्याचा नाही. मात्र हाच नियम देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅन यांची नोंद मागतो. शिवाय करनिर्धारण वर्ष संपल्यापासून १० वर्षं सगळं जपून ठेवायला सांगतो. २०२४-२५ मध्ये घेतलेल्या देणगीची नोंद ३१ मार्च २०३६ पर्यंत सापडली पाहिजे. तोवर तुमचे किती खजिनदार आणि किती मोबाईल बदलतील, याचा विचार आजच करायला हवा.

आता स्क्रीनशॉटकडे वळू. तो देणगीदाराच्या फोनमधलं चित्र आहे. पैसे कोणत्या कामासाठी दिले आणि संस्थेने ते स्वीकारले का, हे त्यावरून कळत नाही. त्यात फेरफार करता येतो आणि एकच चित्र चुकून दोनदाही नोंदलं जातं. खरा पुरावा म्हणजे ट्रस्टच्या बँक खात्याच्या उताऱ्यातली जमा. तिच्याशी स्क्रीनशॉटवरचा यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक जुळवायचा आणि मग संस्थेने आपली क्रमांकित पावती द्यायची. क्यूआर कोडही ट्रस्टच्या खात्याचाच हवा. खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यात आलेली देणगी, हेतू कितीही चांगला असला तरी, लेखापरीक्षणात अडचणीची ठरते.

ज्येष्ठांचा कागदावर एवढा विश्वास का, तेही समजून घ्या. पावतीपुस्तकात मूळ पावती आणि स्थळप्रत या दोन्हींवर एकच क्रमांक आधीच छापलेला असतो. ४७ नंतर ४९ आली की ४८ कुठे गेली, हे विचारता येतं. पावती चुकली तर तिच्यावर ‘रद्द’ लिहून दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या असतात. त्यामुळे चूकही नोंदीत राहते. एक्सेलच्या साध्या तक्त्यातली ओळ मात्र खोडली की मागे खूण उरत नाही. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ते याच कारणाने. ही सक्ती ट्रस्टवर नाही, पण संगणकावर जायचं तर सोय तशीच निवडा.

कागदाच्याही मर्यादा आहेत. संस्थेकडे त्याची एकच प्रत उरते, पावसाळ्यातल्या ओलीने कार्बनची अक्षरं पुसट होतात आणि पाचशे पावत्यांत एक नाव शोधायला संध्याकाळ जाते. त्याहून मोठं कारण कराचं आहे. तुमच्या ट्रस्टला देणगीदाराला कर-वजावट मिळवून देणाऱ्या ८० जी कलमाची मान्यता असेल, तर २०२१-२२ पासून वर्षभराच्या देणग्यांचं विवरण १० बीडी या फॉर्ममध्ये पुढच्या ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरावं लागतं. त्यातूनच देणगीदाराला १० बीई हे प्रमाणपत्र मिळतं. विवरणात नाव नसेल, तर हातातली सुबक छापील पावती कर-वजावटीला पुरेशी पडत नाही. उशीर झाला, तर दिवसाला २०० रुपये शुल्क संस्थेवर बसतं.

याच संदर्भातले काही गैरसमजही दूर करू. नेरुळ ठाणे जिल्ह्यात येतं, म्हणून तुमची नोंदणी ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात. पण ही नोंदणी म्हणजे ८० जीची मान्यता नव्हे. ती आयकर खात्याकडून वेगळी घ्यावी लागते. मान्यता असली तरी २००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, मग पावती कागदी असो वा डिजिटल. कपडे, धान्य अशा वस्तुरूप देणगीलाही नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्या देणगीदारालाही नाही. अनेक संस्था मोठ्या देणगीच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवतात. मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशाच्या पावतीला मुद्रांक कायद्यात सूट असल्याने निखळ देणगीला त्याची गरज नसते.

दानपेटीचं काय, असंही तुम्ही विचाराल. तिथे देणाऱ्याचं नाव कळत नाही. तुमच्यासारख्या शैक्षणिक मदत करणाऱ्या ट्रस्टला अशा निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या वर गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. म्हणून पेटी दोन-तीन विश्वस्तांसमोर उघडा, नोटा-नाणी मोजून कागदावर तपशील लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पूर्ण रक्कम बँकेत भरा. इथे कागदच सोयीचा.

देणगीची नोंद एकाच जागी असू नये, ही समज आपल्याकडे जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिले, एकीकडे २००० आणि दुसरीकडे १०००. व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंचा वस्त्रांचा व इतर खर्च भागायचा होता. व्याजाचा दरही लेखात आहे. हे सारं निगमसभेत ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असंही लेख सांगतो. म्हणजे एक नोंद गावाच्या दप्तरात आणि दुसरी दगडावर. दप्तरातले फलक आज उरलेले नाहीत, तरी दुसरी नोंद असल्यामुळे देणगीचा तपशील आपण वाचू शकतो.

तेव्हा तुमच्या ट्रस्टने असं करावं. रोख देणगीला छापील पावतीपुस्तक ठेवा आणि त्याच दिवशी ती संगणकात चढवा. बँकेतून आलेल्या देणगीला डिजिटल पावती द्या. दोन्हींच्या क्रमांकमाला वेगळ्या ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही. दर महिन्याला पावत्या, कीर्द आणि बँकेचा उतारा जुळवा. कायमनिधीसाठी देणगी असेल, तर देणगीदाराचं तसं लेखी पत्र पावतीसोबत जोडा. ३१ मार्चला वर्षाची यादी छापून विश्वस्तांच्या सह्यांनिशी फाईलला लावा. ईमेल, पासवर्ड आणि साठवणीची जागा ट्रस्टच्या नावाने असू द्या आणि कार्यकारिणी बदलताना चार्ज देण्याच्या यादीत त्यांचाही उल्लेख करा.

एक सूचना : वरचे नियम आणि फॉर्म १९६१ च्या आयकर कायद्याखालचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने त्यापुढच्या देणग्यांसाठी नवे क्रमांक आपल्या सीएंकडून पाहून घ्या.

थोडक्यात, कागद आणि संगणक दोन्ही चालतात. देणगीदारापासून बँकेपर्यंत आणि बँकेपासून मुलांच्या फीपर्यंत प्रत्येक रुपयाचा माग लागला पाहिजे, ही मात्र सक्ती आहे. पुढच्या सभेत माध्यमावर वाद घालण्याऐवजी गेल्या वर्षातल्या कोणत्याही दहा पावत्या काढा आणि त्यांचा माग शेवटपर्यंत लागतो का, ते पाहा. जिथे तो तुटेल, तिथून सुधारणेला सुरुवात करा.