अधीक्षक निवडताना काय पाहावे?



निरीक्षणगृहातल्या शाळेला अधीक्षक नेमायचा म्हटले की, "मुलांना धाकात ठेवील असा माणूस बघा," असे लोक मला सांगतात. आजचा धडा त्याविषयीच आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ या मुलांना गुन्हेगार म्हणत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. कलम ५३ प्रमाणे त्यांना संस्थेत शिक्षण मिळालेच पाहिजे. बाल न्याय मंडळाच्या चौकशीला कायद्याने चार महिन्यांची मुदत दिली आहे. विशेषगृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. म्हणजे मूल घरी परत जाणार, हे धरूनच शाळा चालवायची असते. म्हणून उमेदवाराला मी तीन प्रश्न विचारीन.

१. मूल आले त्या दिवशी आधी काय विचाराल? ज्याला गुन्ह्याआधी सुटलेली इयत्ता विचारावीशी वाटते, तो आपल्या कामाचा.

२. पाड्यावरच्या मुलाला घरी वारली किंवा भिली बोलायची सवय असते. पुस्तकातली मराठी त्याला जड जाते. त्याला कसे शिकवाल? अशा मुलाला 'मठ्ठ' म्हणून मागे बसवणारा नको.

३. मूल सुटल्यावर त्याचे नाव गावच्या शाळेत कोण घालील? "ते आमचे काम नाही," म्हणणाऱ्याच्या हाती चार महिन्यांचे शिकणे वाया जाते.

आपल्या मंडळीत असे शिक्षक, निवृत्त मुख्याध्यापक असतील. त्यांना अर्ज करायला आवर्जून सांगा.