साहित्यसंमेलनाची आचारसंहिता : मूल्यमापनाचे काही निकष

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी साहित्यसंमेलनाविषयी आजवर जी चर्चा झाली तीत अध्यक्षपदाची निवड, व्यासपीठावरील राजकीय व्यक्तींची उपस्थिती, शासकीय अनुदान आणि परिसंवादांचे विषय यांनी मोठी जागा व्यापली आहे. मांडवात येणाऱ्या सामान्य वाचकाशी इतरांनी कसे वागावे, हा प्रश्न मात्र साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरचा, फार तर व्यवस्थापनाचा मानला गेला. वस्तुतः संमेलन ही केवळ विद्वानांची सभा नाही. ग्रंथप्रदर्शनात हिंडणारे, आवडत्या लेखकाची स्वाक्षरी घेण्यासाठी रांगेत उभे राहणारे आणि कविकट्ट्यावर आपली पहिली कविता वाचणारे हजारो रसिक तेथे असतात. या अर्थाने मराठी साहित्यसंमेलन हे पाश्चात्त्य देशांतील विज्ञानकथाप्रेमींच्या किंवा चित्रकथाप्रेमींच्या मेळाव्यांचे सजातीय ठरते. त्या मेळाव्यांत आचारसंहितेचा प्रश्न गेल्या काही दशकांत तीव्रतेने चर्चिला गेला. त्या चर्चेच्या प्रकाशात मराठी संमेलनपरंपरेकडे पाहून आचारसंहितेच्या मूल्यमापनाचे निकष कोणते असावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘आचारसंहिता’ हा शब्द मराठी वाचकास मुख्यतः निवडणुकीमुळे परिचित आहे. तेथे ही संहिता प्रामुख्याने उमेदवार, पक्ष आणि सत्ताधारी यांच्यावर बंधने घालते. मतदार हा तिचा संरक्ष्य घटक असतो. ज्याच्या हाती सत्ता त्याच्यावर बंधन, ही अर्थच्छटा पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

२. पूर्वपरंपरा : शिष्टाचार आणि न्याय

साहित्यसभेचे नियम ही आधुनिक कल्पना नव्हे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत झाल्याची कथा आहे. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. याच ग्रंथात राजाने भरवावयाच्या कविसभेचे वर्णन येते. संस्कृत कवींनी उत्तरेस, प्राकृत कवींनी पूर्वेस, अपभ्रंश कवींनी पश्चिमेस आणि भूतभाषेच्या कवींनी दक्षिणेस बसावे, असा तेथील दंडक आहे. अपभ्रंश कवींच्या मागे चित्रकार, सुवर्णकार, सुतार, लोहार यांची आसने सांगितली आहेत. ही संहिता दर्जाची आहे. कोणी कोठे बसावे हे ती सांगते. एखाद्याचा सभेत अवमान झाल्यास त्याने कोणाकडे जावे, हे सांगत नाही. विशेष असे की, याच राजशेखराने पुरुषाप्रमाणे स्त्रीही कवी होऊ शकते, कारण संस्कार आत्म्याचा असतो, असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. तत्त्वतः प्रवेश मान्य. परंतु प्रवेशानंतरच्या वागणुकीविषयी मौन. शिष्टाचार आणि न्याय यांतील हे अंतर पुढील काळातही टिकून राहिलेले दिसते.

आधुनिक काळात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारसभा भरली. १८८५ च्या सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांना सर्वांचे मानवी हक्क मान्य नाहीत आणि ज्यांच्या वर्तनातूनही ते प्रत्ययास येत नाहीत, त्यांच्याशी शूद्रातिशूद्रांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. सामान्यतः या पत्राकडे वैचारिक बंडखोरीचा दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. तथापि त्यात संमेलनाच्या मूल्यमापनाचा एक निकषही सामावलेला आहे : सभेची पारख निमंत्रणपत्रिकेतील सौजन्यावरून न करता सभासदांच्या प्रत्यक्ष वर्तनावरून करावी. १९५८ मध्ये मुंबईत भरलेले पहिले दलित साहित्य संमेलन आणि १९९९ मध्ये धारावीत भरलेले पहिले विद्रोही साहित्य संमेलन ही याच निकषाची पुढची रूपे म्हणता येतील.

३. विचारावरील बंधन आणि वर्तनावरील बंधन

आचारसंहितेच्या मूल्यमापनातील पहिला भेद विचार आणि वर्तन यांमधील आहे. या दृष्टीने मेळाव्यांच्या इतिहासातील दोन घटना उद्बोधक आहेत.

१९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. आयोजकांशी मतभेद असलेल्या एका गटातील सहा तरुण चाहत्यांना, ते गोंधळ घालतील या शंकेने, दारातच अडविण्यात आले. त्यांनी कोणाला इजा केली नव्हती; त्यांचे मत आणि त्यांची पत्रके यांची धास्ती होती. मराठीतील समांतर घटना ८० वर्षांनंतरची आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण, संमेलन उधळून लावण्याच्या इशाऱ्यानंतर, मागे घेण्यात आले. अनेक निमंत्रितांनी बहिष्कार टाकला आणि महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. पुढे शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, उधळण्याचा इशारा हे वर्तन होते आणि सहगल यांचे संभाव्य भाषण हा विचार होता. बंधन विचारावर आले, वर्तन मोकळे राहिले. २००९ च्या महाबळेश्वर संमेलनाच्या वेळी आनंद यादव यांना कादंबरीवरील वादामुळे अध्यक्षपदाचा राजीनामा द्यावा लागला आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. त्याची मीमांसाही याच भेदाने करता येते.

याउलट, १९७५ च्या कराड संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आणीबाणीच्या ऐन काळात जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. सभाशिष्टाचाराच्या संकुचित अर्थाने हे औचित्यभंगाचे ठरले असते. संमेलनाच्या नैतिक इतिहासात मात्र तो उजळ प्रसंग आहे. यावरून पहिला निकष असा निघतो : जी संहिता अप्रिय मतास गैरवर्तन ठरवू शकते, ती सदोष होय. ‘संमेलनाच्या प्रतिष्ठेस बाधा’ यासारखे मोघम शब्द या दृष्टीने विशेष धोक्याचे आहेत.

४. संहिता आणि तिची अंमलबजावणी

दुसरी घटना २०१२ मधील आहे. अमेरिकेतील बोस्टननजीक भरणाऱ्या एका विज्ञानकथा मेळाव्याने छळवणुकीविरुद्ध कठोर नियम केला होता. दोषी व्यक्तीस कायमची बंदी, असे त्यात स्पष्ट नमूद होते. प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा आरोप सिद्ध मानूनही, त्या व्यक्तीस खरा पश्चात्ताप झाल्याचे सांगून, संचालक मंडळाने सुमारे दोन वर्षांची बंदी पुरेशी मानली. चाहत्यांत तीव्र असंतोष उसळला. मंडळाने राजीनामा दिला आणि कायमची बंदी लागू झाली.

या घटनेतून दोन बोध निघतात. पहिला उघड आहे : नियम लिहिणारेच परिचिताच्या बाबतीत अपवाद करू लागले की नियमाचे मोल उरत नाही. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. एकच आणि टोकाची शिक्षा असलेला नियम न्याय करणाऱ्यास कचरवतो आणि तक्रार करणाऱ्यासही संकोचात टाकतो. ताकीद, त्या दिवसापुरते मांडवाबाहेर काढणे, पुढील संमेलनास मज्जाव, अशा चढत्या पायऱ्या असलेली संहिता म्हणूनच अधिक अंमलक्षम असते. कठोरपणा आणि परिणामकारकता यांची गल्लत करू नये.

५. संरक्ष्य कोण?

तिसरा निकष संरक्ष्य व्यक्तीचा आहे. वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील आसेगावसारख्या गावातील एखादी पदवीची विद्यार्थिनी कल्पनेत आणावी. एस.टी. बदलत ती यवतमाळ किंवा वर्धा येथील संमेलनास येते. निवासाची सोय एखाद्या शाळेत असते. तिच्या ओळखीचे कोणी नसते. कविता दाखविण्याच्या निमित्ताने एखाद्या नामवंताने तिच्याशी गैरवर्तन केले तर तिच्यापुढे दोनच मार्ग उरतात : गप्प राहणे किंवा घरी सांगणे. घरी सांगितल्यास तिचे पुढचे संमेलन बहुधा बंद होते. अर्थात गैरवर्तन करणारा मांडवात राहतो आणि वाचक गावी परतते. संमेलनाची हानी व्यासपीठावर दिसत नाही, ती अशी अनुपस्थितीत जमा होते. १९६१ मधील कुसुमावती देशपांडे यांच्यापासून २०२५ मधील तारा भवाळकर यांच्यापर्यंत ९८ संमेलनांत केवळ ६ स्त्रिया अध्यक्षस्थानी आल्या. अध्यक्षपदाची ही गणना करता येते. दारातून परतलेल्या वाचकांची गणना कोणी करत नाही.

कायद्याचा आधार येथे अपुरा असला तरी निरर्थक नाही. १९९७ च्या विशाखा निवाड्यानंतर आणि २०१३ च्या अधिनियमानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षस्थानी स्त्री, निम्मे सदस्य तरी स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. लहान आस्थापनांसाठी जिल्हापातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेतील कलम ७५ व ७८ अनुक्रमे लैंगिक छळ व पाठलाग यांस गुन्हा ठरवितात. परंतु हा कायदा स्थिर आस्थापना गृहीत धरतो, तर संमेलनाची स्वागतसमिती तीन दिवसांच्या सोहळ्यासाठी उभी राहते आणि हिशेब पुरे होताच विसर्जित होते. तक्रारीची कायदेशीर मुदत तीन महिने. त्या मुदतीत तक्रार ऐकणारी संस्थाच शिल्लक नसेल तर मुदतीचा उपयोग काय?

६. संस्थात्मक स्मृती

चौथा निकष येथून उद्भवतो. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे कार्यालय घटक संस्थांकडे दर तीन वर्षांनी फिरते; निमंत्रक संस्था तर दरवर्षी निराळी असते. या रचनेत प्रादेशिक समतोलाचा मोठा गुण आहे. मात्र तक्रारीची नोंद, चौकशीचा निष्कर्ष आणि मज्जाव केलेल्या व्यक्तीची माहिती एका कार्यालयातून दुसऱ्याकडे पोहोचली नाही, तर प्रत्येक संमेलन कोऱ्या पाटीने सुरू होते. म्हणून संहिता निमंत्रक संस्थेची न ठेवता महामंडळाची असावी. तक्रार समितीची मुदत कार्यालयाच्या मुदतीशी जोडू नये. तिच्यावर आयोजनाशी संबंध नसलेले सदस्य असावेत. नोंदी गोपनीय राहाव्यात, परंतु वर्षाकाठी किती तक्रारी आल्या आणि कितींचा निकाल लागला, हे आकडे प्रसिद्ध व्हावेत. तक्रारींचा शून्य आकडा नेहमीच शुभ मानू नये. तक्रारीची खिडकी कोठे आहे हे ठाऊक नसल्याचाही तो पुरावा असू शकतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून संमेलनाच्या कोणत्याही आचारसंहितेस विचारावयाचे पाच प्रश्न हाती येतात. ती वर्तनाचे नियमन करते की विचाराचे? निषिद्ध वर्तन ती नेमक्या शब्दांत सांगते की मोघम? अध्यक्ष, निमंत्रित आणि देणगीदार यांच्यावर ती स्वयंसेवकाइतकीच लागू होते काय? तक्रार कोणाकडे, कोठे आणि किती काळ करता येईल हे मांडवात नवख्या आलेल्या वाचकास कळते काय? आणि सोहळा संपल्यानंतर ती जिवंत राहते काय? यांपैकी तिसरा प्रश्न निर्णायक आहे. कारण दुर्बलांना शिस्त लावणारे नियम लिहिणे सोपे असते, मान्यवरांना लागू होणारा नियम पाळणे कठीण असते.

पदव्युत्तर अभ्यासकांना या दिशेने करण्याजोगे काम पुष्कळ आहे. संमेलनांच्या स्मरणिका, स्वागतसमित्यांची परिपत्रके, प्रतिनिधींच्या निवासव्यवस्थेच्या सूचना आणि वृत्तपत्रांतील वाचकपत्रे ही सामग्री आजवर साहित्येतिहासाच्या परिघाबाहेर राहिली. अध्यक्षीय भाषणांच्या बरोबरीने तिचे वाचन झाल्यास संमेलनाने स्वतःविषयी काय म्हटले आणि आलेल्यांशी ते कसे वागले, या दोहोंची तुलना शक्य होईल. फुले यांनी १८८५ मध्ये सुचविलेली कसोटी हीच आहे.